वरून गार, मधे उबारा

नाशिकला गंगापूर रोडवर पुंजारामशेठचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तिथं सगळ्यात आतल्या टेबलाशी एक बाई बसायची. गिऱ्हाईक आत आलं की आधी तिच्याकडं बघायचं, मग तिच्यामागच्या भिंतीकडं बघायचं आणि विचारायचं, "मॅडम, कारागीर कुठं गेलेत?" साधना मान वर न करता म्हणायची, "जेवायला गेलेत. तोवर मी उघडून बघू का?" आणि गिऱ्हाइकाचं 'नको नको' तोंडातून बाहेर पडायच्या आत मशीनचे सहा स्क्रू टेबलावरच्या स्टीलच्या वाटीत पडलेले असायचे.

ही साधना मखमलाबादची सून. घरचं रान दीड एकर. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब आणि बांधाच्या कडेनं मेथी-कोथिंबीर. लग्नाआधी तिनं सातपूरच्या आयटीआयमधून रेडिओ-टीव्हीचा कोर्स केला होता. वर्गात एकवीस पोरं आणि ही एकटी पोरगी. पंच्याण्णव साली महेशशी लग्न झालं तेव्हा तिच्या आईनंच तिचं वायरी सांधायचं सोल्डरिंग आयर्न जुन्या साडीत गुंडाळून पेटीच्या तळाशी घातलं आणि वर सांगितलं, "लगेच बाहेर काढू नको गं बाई, सासरचे काय म्हणतील!"

सासरचे म्हणजे कोण, तर सासू. आक्काबाई. फूलबाजारात तिला अख्खं नाशिक ओळखायचं. आवाज असा की नदीच्या या काठावरून हाक मारली तर त्या काठावरच्या माणसानं वळून बघावं. बाजाराला निघाली की टोपलीत एक ट्रान्झिस्टर असायचा, त्यावर पहाटेची भक्तिगीतं लागायची. लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात तो ट्रान्झिस्टर मुका झाला. आक्काबाईनं दोन थपडा मारून बघितल्या, उन्हात ठेवून बघितला, शेवटी चुलीपाशी ठेवला आणि म्हणाली, "गेला बिचारा."

नव्या सुनेनं सगळे रानात गेल्यावर पेटीतून ते आयर्न काढलं. संध्याकाळी आक्काबाई घरी आली तर ट्रान्झिस्टर बोलत होता आणि सून भाकरी थापत होती, जणू आपला काही संबंधच नाही. आक्काबाईनं चार दिवस तो बाजारात नेऊन वाजवून बघितला. पाचव्या दिवशी जेवताना ती मुलाला म्हणाली, "महेश, ह्या पोरीला खुरपायला न्यायचं नाय. खुरपणारे दहा भेटत्यात."

बोलून थांबणाऱ्यातली ती नव्हती. पुंजारामशेठच्या दुकानात गणपतीच्या तसबिरीला रोज हार लागायचा, तो आक्काबाईच पोचवायची. नव्व्याण्णव साली एक दिवस तिनं हार शेठच्या हातात दिला आणि सुनेचं मनगट धरून तिला पुढं उभं केलं. "शेठ, ही माझी सून. रेडिओ नीट करती. तुमचं हे टीव्हीवानी दिसतंय ते बी करील. ठिवून बघा. नाय जमलं तर परत घेऊन जाईन, हारासारखी."

शेठ हसले. म्हणाले, घरी लहान पोरगं आहे ना हिचं? आक्काबाई म्हणाली, "साईचं मी बघते. झेंडूच्या पोत्यावर लय झ्याक झोप लागती त्याला." झालं! मुलाखत संपली. साधनाला तोंड उघडायची संधीच मिळाली नाही. पुढं ती कुणालाही सांगायची, माझी नोकरी माझ्या सासूनं मुलाखत देऊन मिळवली आहे. लोक हसायचे. पण ती हसण्यावारी सांगत नव्हती.

पहिली दोन वर्षं नुसती धूळ पुसण्यात आणि वायरी ओळखण्यात गेली. मग मोठ्ठाल्या डब्यांची मशीनं हाताखाली आली आणि दोन हजार चार-पाच सालापासून लॅपटॉप यायला लागले. लॅपटॉपचं काम फार नाजूक, आत बोट घालायला जागा नाही. पण वेणीत अबोली ओवणाऱ्या घरात ती नांदत होती, तिला काय जड जाणार! बघता बघता दुकानातले सगळे लॅपटॉप तिच्याच टेबलावर यायला लागले. ती आतली खुर्ची, टेबलावरचा छोटा पंखा आणि स्क्रूची वाटी ही तिची जागा झाली. त्या खुर्चीचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवत नसे.

दुरुस्ती झाली की मशीन लगेच देऊन टाकायचं, असं तिचं काम नव्हतं. ती त्याला टेस्टला लावायची. एक प्रोग्राम असायचा. तो मशीनच्या मेमरीत खच्चून आकडे भरायचा, परत वाचून बघायचा, पुसायचा, पुन्हा भरायचा. मशीनला जीव नकोसा करून सोडायचा म्हणा ना. सगळं ठीक असलं की पडद्यावर हिरव्या ओळी सरकत राहायच्या, आकडा चुकला की लाल ओळ. दोन तास, चार तास हिरवं राहिलं की साधना मशीनच्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "जा आता घरी."

आता खंडेनवमीची गोष्ट. ज्याचं पोट ज्या हत्यारावर, त्यानं त्या दिवशी ते पुजायचं. महेश घरी कुदळ-विळे धुवायचा. दुकानात पाटावर स्क्रू-ड्रायव्हर, मीटर, आयर्न मांडलं जायचं. आणि पुंजारामशेठचा एक खास नियम होता: त्या दिवशी दुकानात दुरुस्तीला मुक्कामी असलेलं मशीन घरचंच समजायचं. आतून-बाहेरून स्वच्छ करायचं, हळदकुंकवाचं बोट लावायचं, वर एक झेंडूचं फूल ठेवायचं. फुलं अर्थात आक्काबाईची. साधनाला हा दिवस फार आवडायचा. ती पदर खोचून एकेक मशीन उघडायची आणि ब्रशनं, स्पिरिटच्या बोळ्यानं असं लख्ख करायची की कंपनीतून निघतानाही ते तसं नसेल.

दोन हजार सहाच्या खंडेनवमीला दुकानात एक लॅपटॉप होता सटाणा तालुक्यातल्या नामपूरच्या बहिरू मास्तरांचा. कीबोर्ड बदलायला आला होता. मास्तर निवृत्त झालेले, पंचाहत्तरीच्या घरातले, अंगात खादीचा सदरा. लेकीनं, हर्षालीनं, आपला जुना लॅपटॉप त्यांना दिला होता आणि मास्तर त्यावर अहिराणी बोलीतले शब्द गोळा करून टाइप करत होते. म्हाताऱ्या बायांच्या ओसरीवर जाऊन बसायचं, एकेक शब्द वहीत उतरवायचा, घरी येऊन मशीनमध्ये घालायचा. "मन्यामांगे हाई बोली कोन सांगी?" असं ते विचारायचे. माझ्यामागं ही बोली कोण सांगणार?

दसऱ्यानंतर मास्तर मशीन घेऊन गेले आणि आठवड्यात परत आले.

"बाई, अर्धा तास चालतं. मग निळा पडदा येतो, त्यावर इंग्रजीत काहीबाही येतं आणि मी वाचायच्या आत सगळं बंद. 'प'चे चाळीस शब्द गेले माझे."

साधनानं मशीन उघडलं, टेस्टला लावलं. चार तास हिरवं. तिनं विंडोज नव्यानं टाकून दिलं आणि वर विचारलं, "मास्तर, तुमच्याकडं लाइटीचा काय हाल आहे?" त्या वर्षी ज्याचं जे बिघडेल ते भारनियमनावर ढकलायची सगळ्यांनाच सवय लागली होती. मास्तरांनी मान डोलावली आणि गेले.

पाच दिवसांनी पुन्हा हजर. पुन्हा तोच निळा पडदा. या वेळी साधनानं मेमरीच बदलली. नवी कोरी पट्टी घातली, दुपारपासून दुकान बंद होईपर्यंत टेस्टला लावून ठेवली. एक लाल ओळ नाही. तिनं छातीठोकपणे सांगितलं, "आता काही होणार नाही."

दिवाळी चार दिवसांवर आली असताना, शनिवारी, मास्तर तिसऱ्यांदा दुकानाच्या पायरीवर उभे. कपाळाला घाम, काखेत लॅपटॉपची पिशवी. "मना लॅपटॉप परत बंद पडना, बाई," ते म्हणाले. रागावले की त्यांच्या तोंडून अहिराणी यायची. मग जरा शांत होऊन म्हणाले, "एसटीचा कंडक्टर आता मला नावानं ओळखतो. तिकीट फाडताना विचारतो, बरं झालं का पेशंटचं?"

साधनाला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मास्तर मशीन ठेवून गेले आणि पुंजारामशेठनी तिला काउंटरपाशी बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण धंदा तो धंदा.

"एकच मशीन तीनदा परत. मास्तर बोलत नाहीत, पण लोक बोलतात. मी पुण्याहून एक पोरगा बोलावलाय, लॅपटॉपचाच कोर्स केलेला. पाडव्याला येतोय. तोवर तुझ्या हातून हे निघालं तर निघालं. नाही तर तू इथं काउंटरला बस, पावत्या फाड. आतलं टेबल त्याला देऊ." आणि वर म्हणाले, "पगार कमी नाही करणार, काळजी करू नको."

हे शेवटचं वाक्यच तिला जास्त झोंबलं. पगार तोच आणि खुर्ची दुसऱ्याची! सात वर्षं घासून मिळवलेली जागा, आणि आता गिऱ्हाईक येऊन विचारणार, कारागीर कुठं आहे, आणि आपण बोट दाखवणार आतल्या टेबलाकडं. घरी येताना बसमध्ये तिला रडू आलं. रडू येतंय याचा रागही आला.

दुसऱ्या दिवशी रविवार, दुकान बंद. दिवाळीचा फूलबाजार म्हणजे हातघाई. साधना सकाळीच सासूबरोबर बाजारात जाऊन बसली आणि मुकाट शेवंतीचे हार ओवायला लागली. घरचा झेंडू मागणीला पुरणार नव्हता, म्हणून आक्काबाई दिंडोरीकडच्या बुधाकडून दोन गोण्या घेणार होती. बुधानं गोण्या उतरवल्या, तोंडं सोडली, वरून पाणी शिंपडलं. फुलं कशी तरारून दिसत होती.

"बघा आक्का, आत्ता तोडल्यावानी माल हाय!"

"तोंड बांध," आक्काबाई म्हणाली.

"आवो, बघा तर खरं."

"बांध म्हणते ना. तोंड बांध, चहा पी. मंग सोडू."

बुधा कुरकुरत चहाला गेला. चहा पिऊन आला, गोणीचं तोंड सोडलं. आक्काबाईनं पदर सावरला आणि कोपरापर्यंत हात गोणीच्या मधोमध खुपसला. जरा थांबली. हात बाहेर काढून बुधाच्या नाकापुढं धरला. "वरून गार, मधे उबारा. भर उन्हात तोडलाय आणि तसाच दाबून भरलाय. उद्या सकाळी निम्मा काळा पडंल. नको मला." दुसरी गोणी तशीच तपासली. ती मधूनही गार होती, ती घेतली.

एवढ्यात एक जण आक्काबाईच्याच पाटीतला झेंडू उचलायला वाकला. ती खेकसली, "आं! ती नको घेऊ. ती मधून उबलीय. आमच्याच महेशनं ऊन उतरायच्या आत तोडली, आमचीच चूक. ही पलीकडची घे." आणि तो माणूस 'बरं आक्का' म्हणत पलीकडची पाटी घेऊन गेला.

अकरा वर्षं साधना हे बघत आली होती. रोजचं झालं की माणसाला दिसेनासं होतं. आज मात्र तिच्या हातातली सुई थांबली.

"आत्या," सासूला ती आत्याच म्हणायची, "तुम्ही आधी तोंड का बांधायला लावता?"

आक्काबाईनं तिच्याकडं असं बघितलं, की एवढी शिकलेली पोर आणि हे विचारतेय! "अगं, उघड्या गोणीत सगळाच माल गार असतो. वारं लागतं ना. गिऱ्हाइकाच्या घरी माल काय उघडा जातो? बांधूनच जातो. मंग तपासायचा बी बांधूनच."

साधनाच्या डोळ्यांपुढं तिचं टेबल आलं. पोटाचं झाकण काढून उताणा ठेवलेला लॅपटॉप, कारण सारखा हात घालावा लागतो म्हणून ती टेस्ट चालू असतानाही झाकण कधी लावायचीच नाही. आणि त्याच्या शेजारी, तिला स्वतःला उकडतं म्हणून, दिवसभर भणभणणारा छोटा पंखा. मास्तर काय झाकण काढून, पंखा लावून शब्द लिहितात?

तिनं हार खाली ठेवला. "आत्या, मी दुकानात जाते."

"आज रविवार हाय!"

"चावी आहे माझ्याकडं."

"जा मंग," आक्काबाई म्हणाली. "हार मी ओवते. तसं बी तुझ्या गाठी आज लय ढिल्या येत्यात."

दुकानाचं शटर अर्धं वर करून साधना आत शिरली. मास्तरांच्या मशीनचं झाकण लावलं, सगळे स्क्रू आवळले, टेबलावर सरळ ठेवलं. पंख्याचं बटण बंद केलं. टेस्ट सुरू केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसली. ऑक्टोबरचा उकाडा, वर पत्रा. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. दहा मिनिटं हिरवी गेली. वीस मिनिटं हिरवी गेली. तेविसाव्या मिनिटाला एक लाल ओळ आली. मग दुसरी. मग लालच लाल.

"सापडलास!" ती एकटीच ओरडली. आपलं मशीन नापास झालं म्हणून एवढा आनंद झालेली बाई त्या दिवशी अख्ख्या नाशकात दुसरी नसेल.

तिनं खालच्या झाकणाला हात लावला. जरासं कोमट, बस्स. घाईनं स्क्रू काढले, झाकण उचललं आणि आत मेमरीच्या पट्टीवर बोट टेकवलं. चटका बसला. बोट तोंडात घालून ती पुटपुटली, "वरून गार, मधे उबारा."

आता प्रश्न एवढाच होता, की मेमरी नवी, मग इतकी तापते का? तिनं झाकण उलटं करून उजेडात धरलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पत्रा होता आणि त्या पत्र्यावर, बरोबर मेमरीच्या समोर, एक चौकोनी पुसट डाग होता. काहीतरी चिकटवलेलं निघाल्यावर कडेनं राहतो तसा. ती उठली, मांडणीवरून त्याच जातीचा एक मेलेला लॅपटॉप काढला, त्याचं झाकण उघडलं. तिथं त्याच जागी एक करडी, मऊ, रबरासारखी पट्टी होती. झाकण लागलं की ती मेमरीला टेकणार आणि तिची ऊब पत्र्यावर पसरवणार. मास्तरांच्या मशीनला ती पट्टीच नव्हती.

आणि मग तिला आठवलं. खंडेनवमी. पदर खोचलेला, हातात स्पिरिटचा बोळा. झाकणाच्या आत काहीतरी करडं, चिकट, धूळ माखलेलं दिसलं होतं. 'काय घाण चिकटलीय ही,' म्हणत तिनंच ते नखानं खरवडून काढलं होतं, कचऱ्यात टाकलं होतं, जागा लख्ख पुसली होती आणि वर झेंडूचं फूल वाहिलं होतं!

साधना मटकन खुर्चीत बसली. लाइटीला बोल लावला, मेमरीला बोल लावला, म्हाताऱ्या माणसाला तीनदा एसटीचे धक्के खायला लावले, आणि पूजा करता करता मशीन आपणच आजारी पाडलं होतं.

तिनं मेलेल्या लॅपटॉपची पट्टी अलगद सोडवली आणि मास्तरांच्या झाकणाला चिकटवली. स्क्रू आवळले. पंखा बंद. संध्याकाळपर्यंत टेस्ट चालू ठेवली. हिरवं, हिरवं, हिरवं. मशीन निघालं. खुर्ची वाचली.

आता गंमत बघा. कुणाला काही कळायचं कारणच नव्हतं. शेठना मशीन निघायला हवं होतं, ते निघालं होतं. 'आतला सांधा ढिला होता' असं म्हटलं असतं तरी दोघं खूश झाले असते. शटर ओढताना तिच्या मनात ते आलंही, खोटं कशाला सांगू. पण त्याच्यापाठोपाठ सकाळची ती पाटी आठवली. ती नको घेऊ, ती मधून उबलीय, आमचीच चूक. बाजारभर ऐकू जाईल अशा आवाजात. आक्काबाईला त्यासाठी क्षणभरही विचार करावा लागला नव्हता. साधनाला बस येईपर्यंत करावा लागला, एवढाच फरक.

सोमवारी फोन करून मास्तरांना बोलावलं. ते आले, स्टुलावर टेकले. शेठ काउंटरला होते. साधना लॅपटॉप घेऊन बाहेर आली आणि उभ्यानंच बोलली.

"मशीन निघालं. दोष मेमरीचा नव्हता आणि नामपूरच्या लाइटीचाही नव्हता. माझा होता." मग तिनं काही न लपवता सगळं सांगितलं. पट्टी कशी खरवडली, टेस्ट कशी उघड्यावर आणि पंख्यापुढं घेतली, म्हणून ती दोन्ही वेळा कशी फसली.

शेठचा चेहरा आधी लाल झाला. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "साधना, काम तर झालं होतं. हे मला सांगायची काय गरज होती?"

"पाडव्याला तो पोरगा येतोय ना शेठ. पुढच्या खंडेनवमीला तोही मशीनं पुसेल. त्याला कुणी सांगायचं?"

मग मास्तर खाकरले. "शेठ, मी छत्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या. पोरं चूक खोडतात, लपवतात, शेजारच्यावर ढकलतात. स्वतःची चूक स्वतः शोधून मास्तरला आणून दाखवणारं पोर मला काही भेटलं नाही. माझं मशीन पुढं कधी बिघडलं तर मी इथंच आणणार. पण उघडेल ती हीच बाई. नाही तर मी एसटीत बसत नाही."

शेठनी चष्मा पुन्हा लावला. "पोरगा येऊ दे," ते म्हणाले. "पण त्याचं टेबल तुझ्या डाव्या बाजूला लावू. तुझं आहे तिथंच राहील. आणि पहिले सहा महिने तो तुझ्या हाताखाली." एवढं बोलून त्यांनी घाईघाईनं पावतीपुस्तक उघडलं. भावुक झाले की ते असंच करायचे.

त्या दिवसापासून दुकानाच्या आतल्या भिंतीवर साधनाच्या अक्षरात एक कागद लागला. त्यावर लिहिलं होतं, टेस्ट झाकण लावून, पंखा बंद करून. पुण्याहून आलेल्या पोरानं पहिल्याच दिवशी विचारलं, मॅडम, हा कुठल्या कंपनीचा नियम? ती म्हणाली, "फूलबाजारातल्या."

त्या सोमवारी मास्तर मात्र निघायला तयार नव्हते. ही झाकण लावून बघायची अक्कल आली कुठून, ते त्यांना हवं होतं. साधनानं गोणीची गोष्ट सांगितली. वरून गार, मधे उबारा, हे शब्द आले तसे मास्तर ताठ बसले. "तुझ्या सासूचं माहेर कुठलं?"

"सटाण्याकडचं."

"मंग तो शब्द आमना शे! आमचा, अहिराणीचा!" म्हणत त्यांनी सदऱ्याच्या खिशातून वही काढली आणि तिथल्या तिथं उतरवून घेतला. जाताना दारात थांबून दोन्ही हात जोडले. साधनानं वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर ती थेट आक्काबाईपुढं जाऊन बसली. आक्काबाई ओसरीत झेंडूची देठं खुडत होती.

"आत्या, माझी खुर्ची तुम्ही मला दोनदा दिलीत. एकदा शेठकडं हाताला धरून नेलंत तेव्हा, आणि एकदा काल. मी कधी बोलले नाही. पण तुमचे उपकार आहेत माझ्यावर, लय आहेत." आणि तिचे डोळे भरून आले.

"अगं बाई!" आक्काबाई म्हणाली. "खुर्च्या वाटत हिंडते म्हण की मी. आणि मी अजून भुईलाच बसलेय, बघ." पण देठ खुडणारा हात थांबला होता. तो तिनं सुनेच्या गालावर ठेवला. हाताला झेंडूचा उग्र वास होता. "माझ्या हातात कला असती ना पोरी, तर मला बी वाटलं असतं कुणी धरून न्यावं. मला कुणी नेलं नाय. म्हणून तुला नेलं." एवढंच म्हणाली, आणि परत देठं खुडायला लागली. अकरा वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलली होती.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात मखमलाबादच्या पत्त्यावर नामपूरहून एक पार्सल आलं. मास्तरांचं शब्दांचं पुस्तक. जाडजूड, निळ्या पुठ्ठ्याचं. आत चिठ्ठी होती: पान एकशे बारा बघावे. आक्काबाईचे गुडघे तोवर धरले होते, बाजार महेश सांभाळायचा, ती ओसरीतच बसून असायची. साधनानं तिच्याशेजारी बसून मोठ्यानं वाचलं. "उबारा. दाबून भरलेल्या मालाच्या मधोमध साठणारी, वरून न कळणारी ऊब. वापर: वरून गार, मधे उबारा. सांगणार, आक्काबाई, फुलांच्या व्यापारी, माहेर सटाणा."

"परत वाच," आक्काबाई म्हणाली.

साधनानं परत वाचलं.

"व्यापारी लिवलंय?"

"हो, व्यापारी."

आक्काबाईनं हात पुढं केला. वाचता तर येत नव्हतं. तिनं पुस्तक मांडीवर घेतलं, मिटलं, घट्ट दाबून धरलं, जरा थांबली, आणि मग बरोबर मधोमध बोटं घालून आत पंजा सरकवला.

"मधून बी गार हाय," आक्काबाई म्हणाली. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही. "माल चांगला हाय मास्तरचा. ठिव नीट."

साधनानं ते पुस्तक नेऊन ट्रान्झिस्टरच्या शेजारी ठेवलं.